घात झाला!

कॉन्व्हेंटमध्ये आम्ही 'टेन रेज्ड टू' म्हणायचो. त्याला मराठीत 'घात' म्हणतात हे हॉस्टेलवर आल्यावर रूममेटकडून कळलं. घात म्हणजे दगासुद्धा! मला तर हा शब्द इंग्रजीपेक्षा जास्त पटतो.

पुरावा हवा? मागच्या सेमला ओरलमध्ये एका पठ्ठ्यानं ४ मीटरच्या स्टील बीमचं डिफ्लेक्शन काढलं १२००० मीटर. म्हणजे बीम वाकला १२ किलोमीटर! इलॅस्टिसिटीचा आकडा न्यूटन पर चौरस मिलिमीटरमध्ये घेतला, बाकी सगळं मीटरमध्ये. दहाचा सहावा घात कुठच्या कुठे गेला. खरं उत्तर होतं १२ मिलिमीटर. सगळे हसले, सरही हसले आणि स्टेप्सचे मार्क मिळाले.

माझा आक्षेप त्या मार्कांवर आहे. फॉर्म्युला बरोबर होता, मान्य. पण बीम जिल्ह्याबाहेर गेला हे ज्याला खटकत नाही, त्याला नेमकं काय येतं? कॅल्क्युलेटर दहा अंक दाखवतो, आपण दहाही उतरवतो. उत्तर साधारण केवढं यायला हवं, हे आधी कुणीच विचारत नाही.

हॉस्टेलच्या खिडक्या दुरुस्त करणारे सुतारकाका बघा. फळीकडे नुसतं बघून म्हणतात, "दोन सूत जास्त आहे." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३.२ मिलिमीटर. १९५६ च्या कायद्यानं देशात मेट्रिक मापं आली, तरी काकांचं सूत सुटलं नाही. त्यांच्या डोळ्यात माप आहे. आपल्याकडे मीटर आहे, पण तो फक्त कागदावर!

हे जमवणं काही अवघड नाही हो. ५०० कागदांचं रीम साधारण ५ सेंटिमीटर जाड असतं. म्हणजे एक कागद ०.१ मिलिमीटर, मीटरमध्ये दहाचा उणे चौथा घात. आता हॉस्टेलवर ३०० जण धरा. प्रत्येकाचे सबमिशनचे कागद सेमला ५००. एकूण दीड लाख कागद, म्हणजे दीड गुणिले दहाचा पाचवा घात. गुणाकार करा, १५ मीटर. पाच मजली इमारत! (आणि त्यातला बराचसा मजकूर एकच, पण तो विषय वेगळा.) कॅल्क्युलेटर लागला?

१९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर नष्ट झालं, तेही युनिटच्याच गोंधळात. एका सॉफ्टवेअरचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदात, पुढच्यानं ते न्यूटन सेकंद समजून वापरले. फरक सुमारे ४.४५ पटीचा, दहाचा एक घातसुद्धा नाही. तरी मंगळापासून २२६ किलोमीटरवरून जायचं यान ५७ किलोमीटरपर्यंत खाली गेलं. आमचा बीमवाला तर दहा लाख पटीनं चुकला होता!

म्हणून स्टाफला नम्र विनंती. ओरलला कॅल्क्युलेटर बाहेर काढण्याआधी एकच प्रश्न विचारा, "उत्तर मिलिमीटरमध्ये येईल, मीटरमध्ये की किलोमीटरमध्ये?" त्याला दोन मार्क ठेवा. आणि बीम १२ किलोमीटर वाकला, तर स्टेप्सचे मार्क कापा. पोरं ओरडतील, मीही ओरडेन. तरी कापा.