उत्तर बरोबर, गुण अर्धे

अमेरिकेतल्या एखाद्या हायस्कूलचं उदाहरण घेऊ. शाळेतल्या ४०० मुलांचा नमुना घेतला आणि त्यातली २३२ मुलं रात्री सात तासांपेक्षा कमी झोपतात असं निघालं. म्हणजे ५८ टक्के. त्यावरून अकरावीतल्या मुलाने ९५ टक्के खात्रीचा पट्टा काढला, सुमारे ५३ ते ६३ टक्के. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, दशांशचिन्हही जागेवर. मग त्याने शेवटची ओळ लिहिली : ‘म्हणून ९५ टक्के मुलांची झोप या दोन आकड्यांच्या मध्ये आहे.’ इथे त्याचे गुण गेले. त्याने लिहायला हवं होतं की या शाळेतल्या सगळ्या मुलांपैकी सात तासांहून कमी झोपणाऱ्यांचं खरं प्रमाण ५३ ते ६३ टक्क्यांच्या दरम्यान आहे, अशी आपल्याला ९५ टक्के खात्री आहे. गणिताच्या पेपरात एका वाक्यासाठी गुण कापले जातात, हे आपल्याकडच्या हुशार मुलाला अन्यायच वाटेल.

या विषयाचं नाव एपी स्टॅटिस्टिक्स. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम शाळेतच शिकायचा आणि मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची, ही ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ योजना अमेरिकेत १९५५ पासून आहे. गुण १ ते ५. तीन किंवा त्याहून जास्त मिळाले तर बरीच कॉलेजं तो विषय झाला असं धरतात, नामांकित कॉलेजं चार-पाच मागतात. स्टॅटिस्टिक्सच्या पेपराचा साचा कित्येक वर्षं ठरलेला होता : तीन तास, त्यात ४० बहुपर्यायी प्रश्न आणि सहा लेखी. सूत्रं आणि तक्ते पेपराबरोबरच दिलेले, ग्राफिंग कॅल्क्युलेटर वापरायला मुभा. पाठांतराची सोय पार काढून घेतलेली. सहावा प्रश्न मुद्दाम असा काढायचा की वर्गात कुणी शिकवलेला नसेल. शिकलेल्या गोष्टी वापरून मुलाने त्यातून वाट काढायची.

लेखी उत्तरं जूनमध्ये तपासली जातात. लिंकन, लुईव्हिल, डेटोना बीच, कॅन्सस सिटी अशा शहरांत वेगवेगळ्या वर्षी शेकडो शिक्षक त्यासाठी एकत्र जमले. हायस्कूलचे शिक्षक आणि विद्यापीठाचे प्राध्यापक एकाच टेबलाशी बसतात, त्यामुळे शाळेत काय शिकवलं जातं ते कॉलेजवाल्यांना कळतं आणि कॉलेजला काय हवं ते शाळेला. उत्तराच्या प्रत्येक भागावर शेरा तीनपैकी एक : बहुतांशी बरोबर, अंशतः बरोबर, चूक. या शेऱ्यांवरून त्या प्रश्नाला शून्य ते चार गुण ठरतात. कॅल्क्युलेटरवर दाबलेल्या बटणांची नावं उत्तर म्हणून उतरवली तर पूर्ण गुण मिळत नाहीत. निष्कर्षात नुसतं ‘गृहीतक फेटाळलं’ लिहिलं आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही, तरी तेच. ‘गृहीतक सिद्ध झालं’ असं लिहिणाऱ्याची तर खैर नसते. पुरावा अपुरा असेल तर ‘फेटाळता येत नाही’ एवढंच म्हणायचं. वकिलाच्या तोंडी शोभेल अशी ही सावध भाषा सोळा वर्षांच्या मुलाकडून घोटून घेतली जाते, आणि या विषयाचं खरं मोल तिथेच आहे.

हा विषय शाळेत यायला मात्र फार वेळ लागला. एपीमधला गणिताचा पेपर सुरुवातीपासून कॅल्क्युलसचा होता. बारावीच्या मुलांना संभाव्यता आणि संख्याशास्त्र शिकवावं अशी शिफारस कॉलेज बोर्डाच्याच गणित आयोगाने १९५९ साली केली होती. आयोगाने प्रायोगिक पाठ्यपुस्तकही काढलं होतं. हार्वर्डचे फ्रेडरिक मॉस्टेलर यांनी १९६०-६१ मध्ये एनबीसी वाहिनीच्या ‘कॉन्टिनेंटल क्लासरूम’मधून संभाव्यता आणि संख्याशास्त्राचे धडे दिले. ते धडे पहाटे लागायचे, तरी लोक उठून बघायचे. पण शाळा ढिम्म. स्पुटनिकनंतरच्या त्या काळात देशाला अभियंते हवे होते आणि अभियंत्याची वाट कॅल्क्युलसमधून जात होती.

पहिली एपी स्टॅटिस्टिक्स परीक्षा झाली मे १९९७ मध्ये. शिफारशीनंतर ३८ वर्षांनी! साडेसात हजारांच्या आसपास मुलं बसली. फ्लोरिडा विद्यापीठाचे रिचर्ड शेफर पहिले मुख्य परीक्षक होते. आता परीक्षेला बसणाऱ्यांचा आकडा वर्षाला दोन लाखांच्या पलीकडे गेला आहे. याला हातभार लावणारी एक साधी गोष्ट म्हणजे १९९६ साली बाजारात आलेला टीआय-८३ कॅल्क्युलेटर. जी चाचणी हाताने करताना तास सरायचा ती त्यात क्षणात व्हायची, आणि वर्गातला वेळ ‘याचा अर्थ काय’ यासाठी मोकळा झाला. शिकवणाऱ्यांपैकी कित्येक जण स्वतः कॉलेजात हा विषय शिकलेले नव्हते. ते गणिताचे शिक्षक, नेमक्या उत्तराची सवय असलेले. ‘बहुधा’ हा शब्द फळ्यावर लिहायला त्यांनाही शिकावं लागलं.

वर्गात काय चालतं याचा एक नमुना. लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण मुलांच्या हातात देतात. २६८ शब्द. सांगतात, यातले तुम्हाला प्रातिनिधिक वाटतील असे दहा शब्द निवडा आणि त्यांची सरासरी लांबी काढा. भाषणातल्या शब्दांची खरी सरासरी आहे सुमारे ४.३ अक्षरं. मुलांची उत्तरं जवळजवळ नेहमीच त्याच्या वर जातात, कारण नजर लांब, भारदस्त शब्दांवर ठरते आणि दोन-तीन अक्षरी चिल्लर शब्दांवरून घसरते. मग तेच दहा शब्द यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून निवडतात आणि उत्तरं ४.३च्या दोन्ही बाजूंना पसरतात. प्रामाणिक माणूस डोळ्यांनी निवड करतो तेव्हाही ती एका बाजूला झुकते, हे त्या तासाला पटतं. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, सुमारे २४ लाख परत आल्या, आणि त्यावरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार असं छापलं. रूझवेल्ट ६० टक्क्यांहून अधिक मतं घेऊन निवडून आले. नमुना नुसता मोठा असून भागत नाही, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

त्याहून जिव्हारी लागणारं उदाहरण व्हिएतनाम युद्धाचं. १ डिसेंबर १९६९ रोजी सैन्यात कुणाला बोलवायचं याची सोडत टीव्हीवर निघाली. वर्षातल्या ३६६ तारखा निळ्या प्लॅस्टिकच्या कुप्यांत. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. त्या दिवशी जन्मलेले तरुण पहिले. पुढे १९५व्या क्रमांकापर्यंतच्या तारखांना बोलावणं आलं. सोडत संपली तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी फक्त पाच सुटल्या आहेत. सगळं सरळ असतं तर चौदाएक सुटायला हव्या होत्या. डिसेंबरचा सरासरी क्रमांक १२१.५ आला, जानेवारीचा २०१.२. कुणी कपट केलं नव्हतं. कुप्या महिन्यामहिन्याने भरल्या होत्या आणि नीट ढवळल्या नव्हत्या, एवढंच. पुढच्या वर्षी पद्धत बदलली. पण डिसेंबरात जन्मलेल्यांचा त्या वर्षीचा क्रमांक त्यामुळे बदलला नाही. सतरा वर्षांच्या मुलासमोर ही आकडेवारी ठेवली की ‘यादृच्छिक’ या शब्दाची व्याख्या त्याला पाठ करावी लागत नाही.

आणि साल्क लस. या विषयाचं एकच उदाहरण निवडायचं झालं तर हेच निवडावं. १९५४ साली पोलिओच्या लशीची चाचणी अमेरिकेत झाली, तीत सुमारे १८ लाख मुलं होती. लस सगळ्यांना देऊन बघू, मागच्या वर्षापेक्षा रुग्ण कमी झाले तर लस चांगली, असं का केलं नाही? कारण पोलिओची साथ एका वर्षी भडकायची आणि पुढच्या वर्षी आपोआप ओसरायची. काही भागांत ठरलं की दुसरीतल्या मुलांना, पालकांची संमती असेल तर, लस द्यायची आणि पहिली-तिसरीतल्या मुलांशी तुलना करायची. दुसऱ्या भागांत संमती मिळालेल्या मुलांचेच यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडले : सुमारे दोन लाखांना लस, सुमारे दोन लाखांना मिठाच्या पाण्याची सुई. कुणाला काय टोचलं ते मुलांना, पालकांना आणि निदान करणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नाही. या दुसऱ्या पद्धतीत लस घेतलेल्यांत लाखामागे २८ रुग्ण निघाले, खोट्या सुईवाल्यांत ७१. लस चालते, हे ठरलं.

पण वर्गात खरी चर्चा रंगते ती तिसऱ्या आकड्यावर. ज्या पालकांनी संमतीच दिली नाही, त्यांच्या मुलांत लाखामागे ४६ रुग्ण होते. लस न घेता, खोटी सुईही न घेता, ७१ऐवजी ४६! याचं कारण असं की संमती देणारी घरं तुलनेने सुखवस्तू होती. तिथल्या स्वच्छतेत वाढलेल्या मुलांना तान्हेपणी, आईकडून मिळालेलं संरक्षण असताना, पोलिओचा सौम्य संसर्ग होऊन जात नसे. गरीब वस्तीत तो होऊन जायचा. म्हणजे संमती देणाऱ्यांची मुलं मुळातच जास्त धोक्यात होती. इयत्तांची तुलना करणाऱ्या भागांत हा फरक आकड्यांत मिसळून गेला. तिथे लसवाल्यांत २५ आणि पहिली-तिसरीत ५४ रुग्ण निघाले, आणि लशीचा गुण आहे त्यापेक्षा कमी दिसला. इतकी मोठी चाचणी, इतका चांगला हेतू, आणि तुलना कुणाशी केली यावर उत्तर बदललं.

इतकं असूनही हा विषय अमेरिकन शाळांत ‘सोपा’ म्हणून बदनाम आहे. एडिसन किंवा फ्रीमाँटमधल्या मराठी घरातही कॅल्क्युलस बीसी हा मानाचा विषय, आणि स्टॅट्स म्हणजे कॅल्क्युलस न झेपणाऱ्याने घ्यायचं काहीतरी. निकाल बघितला तर स्टॅटिस्टिक्सला बसणाऱ्यांत तीन किंवा अधिक गुण मिळवणारे दहापैकी सहाच्या आसपास असतात, कॅल्क्युलस बीसीमध्ये त्याहून बरेच जास्त. (यावरून ‘म्हणजे स्टॅट्स अवघड’ असा निष्कर्ष काढणाऱ्या वाचकाने साल्क लशीचा परिच्छेद पुन्हा वाचावा. दोन परीक्षांना बसणारी मुलं सारखी नसतात.) हार्वे मड कॉलेजचे गणितज्ञ आर्थर बेंजामिन यांनी २००९ मध्ये टेडच्या मंचावर तीनेक मिनिटांत मांडलं होतं की शालेय गणिताच्या शिखरावर कॅल्क्युलसच्या जागी संख्याशास्त्र हवं. अभियंता, भौतिकीचा विद्यार्थी यांचं कॅल्क्युलसवाचून चालणार नाही, हे त्यांनीही मान्य केलं होतं. पण बाकीच्यांपैकी रोजच्या आयुष्यात कॅल्क्युलस वापरणारे किती? मतचाचणी, औषधाची जाहिरात, विम्याचा हप्ता मात्र कुणालाच चुकत नाहीत.

या अभ्यासक्रमात उणिवा नाहीत असं नाही. परीक्षेसाठी मुलं चार पायऱ्यांचा साचा गिरवतात आणि पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५च्या खाली आली की डोळे मिटून ‘फेटाळलं’ लिहितात. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली निवेदन काढून बजावलं की केवळ पी-व्हॅल्यूने ठरावीक रेषा ओलांडली म्हणून वैज्ञानिक किंवा धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत. तो इशारा संशोधकांना होता, पण ती सवय लागते शाळेतच. साचा शिकवणं सोपं आणि शंका शिकवणं कठीण. तरीही साचा का होईना, त्यात ‘नमुना कसा निवडला?’ ही एक पायरी सक्तीची आहे, ही मोठी गोष्ट.

आपल्या दहावीच्या गणितात मध्य, मध्यक, बहुलक आहेत, संभाव्यता आहे. बारावी वाणिज्यच्या ‘गणित व संख्याशास्त्र’मध्ये निर्देशांक आणि समाश्रयणही आहे. गणितं काही हलकी नाहीत. मात्र वारंवारतेचा तक्ता तयार येतो. तो कुणी भरला, कुणाला विचारून भरला, हा प्रश्न पेपरात सहसा येत नाही. हे ज्या राज्यात घडतं त्या राज्याचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्म, लंडनला नेमन आणि पिअर्सन यांच्याकडे संशोधन, पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख. पीक कापणीच्या पाहणीत वाफा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं, हे त्यांनी दाखवलं, कारण कडेवरची रोपं कापणाऱ्याच्या हातून नकळत आत धरली जातात. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी या मुद्द्यावर त्यांचा मतभेद होता. दहावीच्या मुलाला हे समजणार नाही असं त्यात काय आहे?

अमेरिकेतल्या या परीक्षेचे मागच्या अनेक वर्षांचे लेखी प्रश्न, गुणदानाचे निकष आणि मुलांच्या उत्तरांचे नमुने कॉलेज बोर्डाने सगळ्यांसाठी मोफत खुले ठेवले आहेत. आपल्या अकरावी-बारावीच्या शिक्षकांनी या दिवाळीच्या सुटीत त्यातला एखादा सहावा प्रश्न मराठीत उतरवून वर्गात द्यावा, आणि आधी तो स्वतः वेळ लावून सोडवून बघावा.