चंद्राचा फोटो आपला, नाव कोणाचे?

मे महिन्याची पौर्णिमा आली की मोबाईलवर 'फ्लॉवर मून'चे फोटो फिरू लागतात. जूनमध्ये 'स्ट्रॉबेरी मून', जानेवारीत 'वुल्फ मून'. आमचे तरुणही तीच नावे टाकून स्टेटस ठेवतात. फोटो काढण्याला आमचा विरोध नाही. उलट तो काढावाच, असे आमचे म्हणणे आहे. प्रश्न आहे तो फोटोखाली लिहिलेल्या नावाचा.

ज्या रात्रीला आपण 'फ्लॉवर मून' म्हणतो, ती बहुतेक वेळा वैशाख पौर्णिमा असते. बौद्ध परंपरेनुसार तथागतांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण यांची पौर्णिमा. 1950 साली बाबासाहेबांनी दिल्लीत बुद्ध जयंती जाहीरपणे साजरी केली. 1999 साली संयुक्त राष्ट्रसंघाने या दिवसाला मान्यता दिली. आणि आम्ही त्याच चंद्राला उसने नाव देऊन मोकळे होतो!

मग ती इंग्रजी नावे वाईट आहेत का? मुळीच नाहीत. त्यातली बरीच नावे अमेरिकेतील मूळनिवासी जमातींची आहेत. स्ट्रॉबेरी तोडायचे दिवस आले, म्हणून ते नाव. एप्रिलचा 'पिंक मून' गुलाबी नसतो. त्या दिवसांत फुलणाऱ्या गुलाबी रानफुलावरून ते नाव पडले. आमच्याकडची नारळी पौर्णिमा अशीच दर्याशी जोडलेली, कोळी बांधवांच्या कष्टातून आलेली. पण त्या मूळनिवासींच्या जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांनी बळकावल्या, माणसे हुसकावली आणि नावे मात्र पंचांगात छापून विकली. ती नावे वापरायची तर हा इतिहासही सांगितला पाहिजे.

आता आपल्या घरातले पंचांग पाहू. महिन्यांची मूळ नावे कोणत्याही देवाची नाहीत, ती आकाशाच्या निरीक्षणातून आली. पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राजवळ तो चैत्र, विशाखाजवळ तो वैशाख. या साध्या हिशेबावर पुढे व्रतवैकल्यांची पुटे चढवली गेली. ज्येष्ठ पौर्णिमेची वटपौर्णिमा झाली आणि बाईला सात जन्मांसाठी एकाच नवऱ्याला बांधले गेले. हीच पौर्णिमा श्रीलंकेत 'पोसोन' म्हणून साजरी होते, कारण सम्राट अशोकाचा पुत्र महिंद याने त्या दिवशी तेथे धम्म नेला, अशी तिथली परंपरा आहे. आषाढ पौर्णिमा म्हणजे सारनाथचे पहिले धम्मप्रवचन, धम्मचक्रप्रवर्तन. तिला इथे व्यासपौर्णिमा म्हणतात. चंद्र तोच, पण नाव बदलले की माणसाचा रस्ता बदलतो.

ग्रहणाचा तर आमच्या जखमेशी थेट संबंध आहे. राहू-केतू चंद्राला गिळतात, ही भाकडकथा. त्या राहू-केतूंचे नाते महार-मांगांशी जोडले गेले. ग्रहण लागले की आमच्या पूर्वजांनी 'दे दान, सुटे गिऱ्हाण' अशी आरोळी ठोकत दारोदार जुने कपडे, धान्य मागायचे, हा रिवाज होता. सावली पृथ्वीची पडते आणि विटाळ मात्र आमच्या माथी! 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे नाकारायला सांगितले, तो स्वाभिमान ग्रहणाच्या दानालाही लागू होता.

म्हणून कॅमेरा हातात घ्या. पौर्णिमेचा चंद्र उन्हात उजळलेला दगड आहे, त्यामुळे नाईट मोडमध्ये तो नुसता पांढरा ठिपका येतो. मोबाईलच्या पडद्यावर चंद्रावर बोट ठेवा, उजेड कमी करा, मोबाईल स्टँडवर किंवा भिंतीवर टेकवा. मोठा कॅमेरा असेल तर आयएसओ 100, एफ 11 आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपासचा शटर यापासून सुरुवात करा. खड्डे ठळक हवे असतील तर अष्टमीचा चंद्र घ्या. पौर्णिमेला सावल्याच नसतात. ग्रहणात दर दहा मिनिटांनी एक फोटो काढा. पृथ्वीच्या सावलीची गोल कड सरकताना दिसेल. ते फोटो वस्तीतल्या मुलांना दाखवा, ग्रहणाच्या भीतीने घरात कोंडलेल्या गरोदर बहिणीलाही दाखवा. तथागतांचा धम्म 'एहिपस्सिको' आहे, या आणि स्वतः पाहा. राहूचा दात कुठे दिसतो का, तेही पाहा!

आणि फोटोखाली नाव लिहा: वैशाख पौर्णिमा, बुद्ध जयंती. आषाढ पौर्णिमा, वर्षावासाचा आरंभ. आश्विन पौर्णिमा, वर्षावासाची समाप्ती. एक ओळ कारणाचीही लिहा. विहारात बारा पौर्णिमांचे बारा फोटो लावा. पुढच्या पिढीला तेच आपले कॅलेंडर होईल. आपण नाव दिले नाही, तर दुसरे कोणी देईल आणि त्या नावासोबत त्याची गुलामगिरीही येईल.

जयभीम! नमो बुद्धाय!