एकाच मालाचे दोन भाव कशासाठी?

आपल्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, पण शेळी उस्मानाबादीच राहिली. बहुधा काळ्या रंगाची, जुळी करडे देणारी आणि मराठवाड्याचा उन्हाळा सोसणारी ही जात. बकरी ईद जवळ आली की तिच्या बोकडांना दूरदूरची गिऱ्हाइके विचारू लागतात. त्यामुळे आपले काही व्यापारी बांधव आता स्वतःची वेबसाइट करून घेऊ लागले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. मात्र वेबसाइट करणाऱ्याला नेमके काय सांगावे हे ठाऊक नसल्यामुळे जो घोटाळा होतो, त्याविषयी हे चार शब्द.

बनवणारा सहसा असे करतो की, जनावरांची यादी एका मॉड्यूलमध्ये, मागणीचा अर्ज दुसऱ्यात, भाव बदलण्याचा तक्ता तिसऱ्यात. प्रत्येकाचे पैसे वेगळे. पैशांचे एक वेळ सोडून देऊ. पण तिन्ही मॉड्यूलांची माहिती वेगवेगळी साठवली जाते. समजा, आपण यादीत बोकडाचा भाव १८,००० केला आणि अर्जात मागच्या आठवड्याचे १६,५०० तसेच राहिले. गिऱ्हाईक अर्ज भरून मोकळे होते आणि नंतर आपण जास्त रक्कम मागतो. माप-तोलात कमी करणाऱ्यांबद्दल कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे, हे आपण मुलांना शिकवतो. मग दोन भावांचा दोष संगणकावर ढकलून कसे चालेल? माझ्या मते अशा वेळी गिऱ्हाइकाने आपली सबब ऐकून घेऊ नये.

यावर उपाय जुनाच आहे. डॉटनेटन्यूक, म्हणजे आताची डीएनएन, ही वेबसाइट चालवण्याची प्रणाली कॅनडाच्या शॉन वॉकर यांनी २००२ च्या डिसेंबरात खुली केली. मूळ प्रणाली आजही विनामूल्य मिळते. तिच्यात मॉड्यूल म्हणजे दुकान समजा आणि कंट्रोल म्हणजे दुकानातली कामाची जागा: काउंटर, गल्ला, गोदाम. एका मॉड्यूलमध्ये हवे तितके कंट्रोल नोंदवता येतात. सर्वांना दिसणाऱ्या कंट्रोलची किल्ली, म्हणजे खुणेचा शब्द, कोरी ठेवतात. भाव बदलण्याच्या कंट्रोलला वेगळी किल्ली देतात आणि तो कोणी उघडावा हेही नोंदवतात. सगळ्यांचा मॉड्यूल क्रमांक एकच असतो. त्या क्रमांकाखाली भाव एकदाच लिहिला की यादीही तोच वाचते आणि अर्जही तोच.

एक अडचण आहे. किल्लीने कंट्रोल उघडला की पानावरची बाकीची मॉड्यूले दिसेनाशी होतात आणि तेवढाच कंट्रोल समोर राहतो. मालकाला भाव बदलायचा असेल तर हे सोयीचेच. पण गिऱ्हाइकाला यादी आणि अर्ज शेजारी शेजारी हवे असतात. त्यासाठी मुख्य कंट्रोलमध्ये मोकळी जागा ठेवून बाकीचे कंट्रोल प्रोग्रॅमनेच तिथे आणून बसवतात. वेब फॉर्म्स पद्धतीच्या मॉड्यूलमध्ये हे करताना बनवणारे हमखास चुकतात. बटण दाबल्यावर पान सर्व्हरकडे जाऊन परत येते, तेव्हा तोच कंट्रोल त्याच ओळखनावाने पुन्हा बसवावा लागतो. तसे केले नाही तर भरलेला अर्ज कोरा होतो, नाहीतर बटण दाबून काहीच घडत नाही. आणलेल्या कंट्रोलला मॉड्यूलची माहितीही सोपवावी लागते. नाहीतर आपण कोणत्या दुकानात उभे आहोत हेच त्याला कळत नाही आणि यादी रिकामी दिसते.

त्याहून मोठी चूक कुलपाची. किल्लीने उघडणाऱ्या कंट्रोलची परवानगी प्रणाली स्वतः तपासते. प्रोग्रॅमने आणून बसवलेल्या कंट्रोलची ती तपासत नाही. तपासणी बनवणाऱ्यानेच लिहावी लागते. ती राहून गेली तर भाव बदलण्याचा तक्ता कोणाही परक्या माणसापुढे उघडेल. गल्ला उघडा टाकून नमाजला गेल्यासारखेच ते. म्हणून माझा आग्रह असा की यादी आणि अर्ज खुशाल शेजारी बसवावेत, पण भावाचा तक्ता किल्लीवाल्या कंट्रोलमध्येच ठेवावा, मग पान बदलले तरी हरकत नाही.

सगळेच कंट्रोल एकदम चढवण्याचा हट्टही नको. भूम-परंड्याच्या खेड्यात मोबाइलचे नेटवर्क अडखळते, तिथे जड पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. गिऱ्हाइकाने जनावर निवडल्यावरच अर्ज आला तरी पुरे.

काम ताब्यात घेण्याआधी भाव बदलण्याचे पान उघडून त्याचा पत्ता उतरवून घ्यावा आणि लॉगिन न केलेल्या दुसऱ्या फोनवर टाकून पाहावा. तक्ता दिसला तर उरलेले पैसे देऊ नयेत. मग एका बोकडाचा भाव बदलून यादीत आणि अर्जात तो सारखाच येतो का, हेही त्याच फोनवर बघावे. हे ईदच्या महिनाभर आधी उरकावे. ऐन बाजारात बनवणारा फोन उचलत नाही.