माशाला दोष देण्याआधी पाणी पाहा

साखऱ्यासारख्या गावांत उन्हाळ्यात तळी आटतात. थोड्या, तापलेल्या पाण्यात माशांची दाटी होते, प्राणवायू कमी पडतो, मासे अशक्त होतात. मग माशाची ऊ एकावरून दुसऱ्यावर सहज जाते. नालीचे पाणी मिसळले की शेवाळ आणि गोगलगाई वाढतात. काही कृमी गोगलगाईंतूनच माशांत शिरतात. दोष गरिबाच्या ताटातल्या मासळीचा नाही, घाण पाण्याचा आहे.

घरी आतडी व कल्ले काढा, मासा धुऊन आतपर्यंत शिजवा, कृमी मरतात. अर्धवट भाजलेला मासा मुलांना देऊ नका.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला. पाणी स्वच्छ मागणे हाही त्याच हक्काचा भाग. तळ्यात नाली सोडू नये, हा ठराव ग्रामसभेत आपणच मांडू या. जय भीम!