सोन्याआधी पाणी

मंडळी, इथे ऑस्ट्रेलियात मेटल डिटेक्टर घेऊन, रानात तंबू ठोकून सोनं शोधणारे बरेच. आमच्या चिरंजीवांनाही हे वेड लागलंय. १९८० साली व्हिक्टोरियात किंगोवरजवळ अशाच यंत्राने २७ किलोंचा 'हँड ऑफ फेथ' हा सोन्याचा गोळा सापडला. त्यामुळे चर्चा सगळी यंत्राचीच!

माझं मत वेगळं आहे. पैसे आधी पाण्याच्या कॅनवर आणि उपग्रहाला संकटाचा इशारा देणाऱ्या बीकनवर घालावेत. रानात मोबाइलला रेंज नसते आणि जुन्या खाणींचे खोल खड्डे झुडपांत दडलेले असतात. डिटेक्टर सोनं दाखवेल हो, पण तुम्ही कुठे पडलात ते कोण दाखवणार?

आणि हो, खणलेला खड्डा बुजवून या. सोनं काय, मिळेल न मिळेल. माणूस घरी आला पाहिजे.