कॉसचं झाड आणि कॉसची घरं

ग्रीसमधल्या कॉस बेटाच्या बंदराजवळ एक म्हातारं चिनाराचं झाड आहे. याच्या सावलीत बसून हिप्पोक्रेटिस शिष्यांना वैद्यक शिकवायचा म्हणे! झाड फार तर पाचशे वर्षांचं आणि हिप्पोक्रेटिस जन्मला इ.स.पू. ४६०च्या सुमारास. हिशेब काही जुळत नाही, तरी फोटोंसाठी गर्दी तिथेच. असो. गोष्ट गोड आहे, तिच्याबद्दल माझं भांडण नाही.

मला खुपतं ते वेगळंच. झाडापासून हाकेच्या अंतरावर प्राचीन अगोरा, म्हणजे बाजारपेठ आहे. मोडके खांब, जोती, मधे माजलेलं गवत. मीही तिथे "बापरे, किती जुनं!" म्हणत फिरले. पण हे सगळं उघड्यावर आलं कसं? २३ एप्रिल १९३३ च्या भूकंपात कॉस शहर कोसळलं. बेट तेव्हा इटलीच्या ताब्यात होतं. इटालियन पुरातत्त्वज्ञांनी पडझड झालेल्या वस्तीखाली खोदलं आणि जुनं शहर वर आलं. वरची घरं मात्र तिथे पुन्हा उभी राहिली नाहीत.

म्हणजे आपण ज्याला नशिबाने सापडलेला ठेवा म्हणतो, त्याच्यावर कुणाची तरी चूल होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दुकानदाराबद्दल हळहळायचं आणि १९३३ च्या बाईला विसरायचं, हे मला पटत नाही. जुलै २०१७ मध्ये तिथे पुन्हा भूकंप झाला, माणसं गेली, एका मशिदीचा मिनार पडला. अवशेष होणं ही फक्त प्राचीन काळची गोष्ट नाही.

कॉसला गेलात तर झाडाचा फोटो जरूर काढा. पण अगोरात चालताना पायाखाली दोन शहरं आहेत, एवढं लक्षात असू द्या.