न भिजणारे पुस्तक

यंदा शाळा उघडल्यापासून वरच्या वर्गांत एका नव्या वस्तूची मोठी चर्चा चालू आहे. ती वस्तू म्हणजे ई-रीडर होय. मधल्या सुटीत क्रिकेटच्या गोष्टी मागे पडून किंडलच्या गोष्टी निघाव्या, हे पाहून मराठीच्या शिक्षकास आनंद झाला तर त्यात नवल नाही. आणि आम्हांस तो झाला आहे, हे आरंभीच सांगून टाकितो. परंतु कित्येक पालकांनी "हे यंत्र मुलांस घेऊन द्यावे की न द्यावे?" असा प्रश्न आम्हांस विचारिला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे उत्तर, ऐपत असल्यास अवश्य द्यावे, असे आहे. मोबाईलचा पडदा व ह्या यंत्राचा पडदा यांत महदंतर आहे. ई-रीडरच्या पडद्यात डोळ्यांस न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात व त्यांत काळे आणि पांढरे कण तरंगत असतात. विजेच्या योगाने हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटलेले पान तसेच राहण्यास वीज लागत नाही; म्हणून हे यंत्र एकदा भारले की पुष्कळ दिवस चालते, आणि भर उन्हातही कागदाप्रमाणे वाचता येते. २००७ साली अमेरिकेत पहिले किंडल विक्रीस आले, तेव्हा सारा साठा साडेपाच तासांत संपला. मराठी पुस्तके त्यावर मिळू लागली ती २०१६ च्या डिसेंबरापासून. २०२४ साली रंगीत पडद्याचेही किंडल निघाले, आणि आमच्या विद्यार्थ्यांचा सर्व उत्साह ह्या रंगांविषयी आहे.

आम्हांस मात्र त्या यंत्रातील दुसरीच एक सुधारणा मोठी वाटते. २०१७ साली असे किंडल निघाले की, ते दोन मीटर खोल गोड्या पाण्यात तासभर पडले तरी बिघडू नये. मुले ह्यावर हसतात. पाण्यात बसून वाचणार कोण, असे विचारितात. ज्यांनी २६ जुलै २००५ चा मंगळवार मुंबईत काढिला, त्यांस हसू येणार नाही.

त्या दिवशी दुपारनंतर जो पाऊस लागला, तो चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पडला. कुलाब्यास मात्र त्याच चोवीस तासांत अवघा ७३! गाड्या बंद पडल्या, लोक रुळांवरून व कमरेइतक्या पाण्यातून रात्रभर चालत राहिले, आणि मुंबईत चारशेंहून अधिक माणसे दगावली. आम्ही तेव्हा शिक्षकी पेशात नवीन होतो व कुर्ल्यास मिठी नदीपासून जवळच एका चाळीत राहत होतो. आमची खोली माडीवर असल्याने वाचली. खाली तळमजल्यावर छताला हात लागेल इतके पाणी चढले. त्या मजल्यावरील एक गृहस्थ कामावर गेले होते, ते घरी परतले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा देह सापडला.

पाणी ओसरल्यावर ऊन पडले. तेव्हा चाळीच्या कठड्यांवर, दोऱ्यांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर सर्वत्र कागदच कागद वाळत होते. त्या बाईंच्या मुलीची शाळेची पुस्तके फुगून दुप्पट जाडीची झाली, त्यांना चिखलाचा वास लागला, परंतु त्यांतील अक्षर न् अक्षर शाबूत होते. छापखान्याची शाई तेलात खललेली असते. ती पाण्याने जात नाही. त्यांच्या यजमानांची घरखर्चाची वही मात्र फाउंटन पेनाने लिहिलेली. मुलीच्या जन्माचे पेढे, खोलीची पागडी, गावी धाडलेले पैसे, सारे त्यांच्या हाताने मांडलेले होते. बाईंनी एकेक पान सोडवून वाळविले. पानांवर केवळ फिकट निळे डाग राहिले होते. "भाऊ, ह्यातले काही लागते का, बघा ना," असे म्हणून त्यांनी ती वही आमच्या हाती दिली. आम्ही पुष्कळ वेळ उजेडाकडे धरून पाहिली. एका पानावर तारखेचा आकडा तेवढा लागला.

पालकहो, छापील पुस्तक बुडाले तर दुसरे विकत मिळते. यंत्राने ते न बुडण्याची सोय केली, हे उत्तमच. परंतु जे बाजारात मिळत नाही, त्याची सोय अद्याप आपणच करावयाची आहे. शिवाय यंत्रातले पुस्तक आपले तरी कितपत? २००९ च्या जुलैत ऑरवेल ह्या इंग्रज लेखकाची दोन पुस्तके विकणाराच्या हक्काचा वाद निघताच विकत घेणारांच्या किंडलमधून परस्पर पुसण्यात आली. पैसे परत मिळाले. अमेरिकेतील एका शालेय विद्यार्थ्याने तरीही दावा लाविला. त्याची टिपणे शिल्लक होती, परंतु ज्या ओळींविषयी ती लिहिली त्या ओळीच नाहीशा झाल्याने टिपणे निरुपयोगी झाली, ही त्याची मुख्य तक्रार होती. कंपनीने पुढे क्षमा मागितली व तडजोड केली. किमतीवर भांडणारा गिऱ्हाईक पुष्कळ पाहिला. आपल्या हस्ताक्षराच्या टिपणांसारख्या मजकुरावर भांडणारा हा मुलगा आम्हांस फार आवडला.

तेव्हा यंत्र घ्यावयाचे असेल तर घ्यावे. न परवडल्यास चार घरांनी मिळून एक घ्यावे, त्यात कमीपणा नाही. मात्र ते घरी येईल त्याच आठवड्यात आजोबांची रोजनिशी, आजीची पदार्थांची वही, परगावी असलेल्या वडिलांची पत्रे माळ्यावरून खाली काढावी. पानापानाचे मोबाईलवर छायाचित्र घेऊन ते दोन निरनिराळ्या घरी ठेवावे. आणि मुलांकडून त्यांची एक नक्कल हातानेही करवून घ्यावी. न लागणारा शब्द विचारण्याच्या निमित्ताने मूल आजीपाशी घटकाभर बसेल, ही मिळकत वेगळीच. नक्कल शिसपेन्सिलीने करावी. तिचे अक्षर पाण्याने जात नाही.